घूस नव्हे, बीव्हरही नव्हे

मी बोलतोय. सुरतेतल्या एका मराठी शाळेच्या विज्ञानकक्षातून, काचेच्या कपाटाच्या मधल्या फळीवरून. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही दोन पावलं मागे सरकणार नाही. मी घूस नाही. उंदीर नाही, मुंगूसही नाही. साठ वर्षं सगळे मला बीव्हर म्हणत आले, तोही मी नाही. मग मी कोण, हे मला स्वतःलाच चार वर्षांपूर्वी एका सोमवारी कळलं. तो सोमवार आठवला की अजून माझ्या अंगातला पेंढा खुसखुसतो.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, जिथे झाडांवरून वर्षातले कितीतरी महिने पाणी ठिबकत असतं, त्या ओल्या जंगलात जमिनीखाली आमचं बीळ होतं. बीळ कसलं, घरच म्हणा. निजायची जागा वेगळी, खायची वेगळी, घाणीची वेगळी. नेच्यांची पानं कापून आणायची, दाराशी रचून सुकू द्यायची आणि मग आत न्यायची. पुढे ज्यांच्या घरी मी तीन दिवस राहिलो, त्या मंगलाताई गच्चीवर कुरडया वाळत घालतात ना, अगदी तसंच. आमच्यात फक्त कुणी कावळे हाकायला बसत नसे.

सुरतेजवळच्या कामरेजकडचे मगनभाई त्या जंगलात लाकूड कापायच्या गिरणीत कामाला होते. नवी लावलेली रोपं आम्ही कुरतडायचो, म्हणून गिरणीची माणसं सापळे लावत. एका सापळ्यात मी सापडलो. दोष कुणाला देऊ? रोपं मी खरंच खाल्ली होती.

मगनभाई मला फेकायला निघाले आणि काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी फेकलं नाही. गिरणीतला एक म्हातारा फावल्या वेळात प्राण्यांत पेंढा भरायचा. त्याने मला लाकडी पाटावर उभं केलं, काचेचे डोळे बसवले. जरा मोठेच बसवले. त्यामुळे मी कायम दचकल्यासारखा दिसतो. स्वभावाने मी तसा नाही.

दोन वर्षांनी मगनभाई देशी परतले, त्यांच्या पेटीत कोटाखाली मीही आलो. सुरतेत त्यांची लेक ज्या मराठी मास्तरांकडे गणित शिकली, त्या मास्तरांनी शाळा काढली आणि मगनभाईंनी मला शाळेला देऊन टाकलं. "गोरे लोक याला पहाडी बीव्हर म्हणतात," एवढंच त्यांना ठाऊक होतं. मास्तरांनी बोरूने सुरेख अक्षरात चिठ्ठी लिहून पाटाला चिकटवली: डोंगरी बीव्हर, अमेरिका.

ते मास्तर गेले, दुसरे आले. दुसरे फार वाचलेले होते. त्यांनी पुस्तक उघडलं. बीव्हर नदीत राहतो, झाडं पाडून बंधारा घालतो, त्याला रुंद चपटी शेपटी असते. "नदीतला प्राणी डोंगरावर काय करतोय?" असं म्हणून त्यांनी लाल शाईने 'डोंगरी' हा शब्द खोडला. मी समोरच होतो. माझ्याकडे एकदा नीट बघावं, असं त्यांना वाटलं नाही. पुस्तक मात्र त्यांनी दोनदा बघितलं.

अशी वर्षं गेली. मुलं यायची, काचेला नाक लावायची, जायची. रोज सकाळी शिपाई हिलालभाऊ ओल्या फडक्याने काच पुसत आणि महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने मला. मग धुळ्याकडचे अरविंद सर विज्ञान शिकवायला आले. ते मला वर्गात टेबलावर ठेवून शिकवत. "याला पाठीचा कणा आहे. अंगावर केस आहेत, म्हणजे सस्तन. पुढचे दात बघा, कायम वाढणारे, म्हणजे कुरतडणाऱ्यांच्या गणातला." एवढं झालं की ते थोडे अडखळत आणि म्हणत, "शेपटी बहुतेक तुटली असावी." ते 'बहुतेक' मला आवडायचं. खात्री नसताना खात्री दाखवणारा तो माणूस नव्हे.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेगची साथ आली. मी कपाटात होतो, मला शाळा एकदम गप्प झालेली तेवढी कळली. लोक मिळेल त्या गाडीने गावी निघून गेले. अरविंद सरही बायकोला, मंगलाताईंना घेऊन गेले. हिलालभाऊ थांबले. ते रोज येऊन कुलूप ओढून बघत, तोंडाला फडकं बांधून काच पुसत.

दिवाळीनंतर शाळा भरली. शहर झाडून पुसून लख्ख होत होतं. उंदीर हा शब्द कानावर आला तरी माणसं पदर नाकाला लावत होती. अशात शाळेच्या समितीची मंडळी पाहणीला आली, त्यांच्यातल्या एकाची नजर माझ्यावर पडली आणि तो तीन वर्गखोल्या ओलांडून बाहेर गेला.

मुख्याध्यापक होते भगवंत सर. त्यांनी त्याच गुरुवारी अरविंद सरांना कपाटासमोर बोलावलं.

"हे जाळून टाकायचं."

"सर, हा बीव्हर आहे. इथे लिहिलंय."

"लिहिलं म्हणजे झालं? बीव्हरला थापीसारखी शेपटी असते. तुमच्याच पुस्तकात चित्र आहे. याची कुठाय?"

"तुटली असेल."

"उंदराने खाल्ली असेल म्हणा. म्हणजे आणखीच छान." भगवंत सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. तसे ते वाईट नव्हते. "अहो, अर्धी मुलं अजून गावाहून आलेली नाहीत. उरलेल्यांच्या आईबापांना शाळेत घूस दिसली, तर तीही जातील. मी काय कपाटं शिकवत बसू?"

हिलालभाऊ दारात उभे होते. ते खानदेशातले, अहिराणीच बोलत. "सायेब, वीस वरीस व्हयनात, मी पुसस याले. माले काय बी नई व्हयनं."

"तुला काही होत नाही रे. तुला साथीत तरी कुठे काय झालं?"

हे ऐकून अरविंद सरांनी मान खाली घातली. गावाहून आल्यापासून ते हिलालभाऊंच्या नजरेला नजर देत नव्हते. ते म्हणाले, "मला मुदत द्या. कुणी जाणत्या माणसाने लिहून दिलं की हा घुशीच्या जातीतला नाही, तर?"

"सोमवारी दुपारपर्यंत," भगवंत सर म्हणाले. "तोवर हे शाळेत नको. कागद आला तर ठेवू. नाही आला, तर हिलाल, मागच्या मैदानात, रॉकेल घालून."

झालं. शुक्रवारी मी साडीच्या खोक्यात बसून, सरांच्या सायकलच्या मागच्या कॅरियरवर, भेस्तानला त्यांच्या घरी निघालो. साठ वर्षांनी वारा लागला. भीतीही वाटत होती आणि मजाही.

मंगलाताई घरबसल्या साड्यांना लेस लावायचं काम करत. खोका पाहून त्यांना वाटलं, नवा माल आला. झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण परत लावलं.

"हे काय आणलंत?"

"जाळणार होते गं याला."

"मग?"

सर चौकटीला टेकून उभे राहिले. "साथीत पळालो. सगळेच पळाले, कबूल. पण वर्गात 'प्राण्यांवर प्रेम करा' शिकवतो आणि कपाटातला एक प्राणी मला वाचवता येत नाही. यालाही टाकून पळालो, तर तिथे उभा कसा राहू?"

मंगलाताई खोका उचलून जागा शोधायला लागल्या. आठवड्यातले चार वार त्यांचे देवाकडे लागलेले. श्रावणापासून सोळा सोमवार धरलेले, त्यातले तेरा झालेले. सोमवारी खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा नेम, कुठल्या पोथीतला नव्हे. देवघरापाशी मला ठेवता येईना, ओट्याजवळ तर नाहीच. शेवटी त्यांनी शिलाई मशीनचं झाकण पुसलं, जुन्या ब्लाउजपीसची घडी अंथरली आणि मला त्यावर बसवलं. "बस बाबा," म्हणाल्या. साठ वर्षांत मला 'बाबा' कुणी म्हटलं नव्हतं.

शनिवारी सर गाडीने वडोदऱ्याला गेले. तिथे जागृतीबेन नावाच्या बाई होत्या, सारं आयुष्य कुरतडणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास केलेल्या. "त्या तयार झाल्या तर सोमवारी सकाळी त्यांना घेऊन सरळ शाळेत येतो," सर जाताना म्हणाले. "तू अकराला याला घेऊन ये."

रविवारी शेजारच्या प्रमिलाबाई साखर मागायला आल्या आणि साखर विसरल्या.

"काय वो मंगलाबाई, घूस पाळली का?"

"घूस नाही, बीव्हर आहे. अमेरिकेचा."

"अमेरिकेची घूस. तेच म्हटलं, डोळे केवढे." प्रमिलाबाई लांबूनच माझ्याभोवती अर्धी फेरी मारून आल्या. "पोरं काय म्हणतील? साथ काय हिला बघून परत यायची राहील?"

"साथ काय पत्ता विचारत येते का? साखर किती देऊ?"

"वाटीभर द्या. आणि खोक्यात घाला त्याला. माझ्याकडेच बघतंय."

त्या गेल्या. मंगलाताईंनी सरांचं पुस्तक काढलं, बीव्हरच्या चित्राचं पान उघडून माझ्याशेजारी धरलं. चित्रातल्या प्राण्याला मागे गवंड्याच्या थापीसारखी काळी, चपटी, खवल्याखवल्यांची शेपटी. मग त्यांनी मला फिरवून माझी पाठ बघितली. केसांशिवाय तिथे काही दिसेना.

"अरे देवा," त्या हळूच म्हणाल्या. "एवढ्याशा शेपटीपायी तुझ्यावर ही वेळ."

पुढे काय होणार ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं आणि माझे काचेचे डोळे आणखी मोठे झाले असतील. त्यांनी फळीवरून एक जुनी रेक्झिनची पिशवी काढली, तिचा तळ कापला. चित्रावर ठेवून आकार घेतला. खवले कसे उठवायचे, यावर थोडा विचार केला आणि करंज्या कापायचं कातणं आणलं, स्टोव्हवर गरम केलं, रेक्झिनवर आडव्या-तिरप्या रेघा ओढल्या. काय सांगू, हुबेहूब खवले उठले. दोन थर जोडून मध्ये कापूस भरला. मग सुई दातात धरून मला मांडीवर घेतलं आणि बारीक टाक्यांनी ती शेपटी माझ्या मागे शिवून टाकली. साड्यांच्या लेसवर हात बसलेला, टाका दिसेल तर शपथ.

"झालं," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आता कोण घूस म्हणतं बघू."

मला ओरडून सांगायचं होतं की ताई, मला शेपटी आहे, माझी, एवढीशी, त्या केसांत. पण पेंढ्याला आवाज कुठला.

सोमवारी त्यांनी पूजा केली, पोटात पाण्याशिवाय काही न घेता खोका मांडीवर ठेवून रिक्षात बसल्या. रस्ताभर पुटपुटत होत्या. देवाकडे माझ्यासाठी मागणं चाललं होतं, हे मला खोक्यातून ऐकू येत होतं. कुणी माझ्यासाठी देवाकडे काही मागितल्याचं ते पहिलंच.

विज्ञानकक्षात टेबलावर मला ठेवलं. भगवंत सर होते, हिलालभाऊ होते. जागृतीबेन आल्या होत्या: पासष्टीच्या, पायात कापडी बूट, गळ्यात दोरीला चष्मा. वडोदऱ्याच्या असल्यामुळे मराठी बोलायच्या, पण गुजराती वळणाचं. अरविंद सरांचा चेहरा दोन दिवसांच्या धावपळीने सुकलेला, पण डोळ्यांत आशा होती.

मंगलाताईंनी माझ्यावरचं फडकं काढलं.

सर्वांत आधी भगवंत सर बोलले. "अरे, शेपटी आहे की."

अरविंद सर शेपटीकडे बघत राहिले. ते रेक्झिन त्यांच्याच जुन्या डब्याच्या पिशवीचं होतं. आठ वर्षं रोज हातात धरलेलं. त्यांनी ओळखलं. त्यांनी बायकोकडे बघितलं आणि बायकोने जमिनीकडे.

"गुरुवारी मला दिसली नसेल," भगवंत सर म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क सुटका होती. त्यांनाही कुठे हौस होती जाळपोळीची? "चला, शेपटी आहे म्हणजे बीव्हर. प्रश्न मिटला. बेन, तुम्ही एवढं लिहून द्या, हिलाल, कपाट उघड."

"थोभो," जागृतीबेन म्हणाल्या. थांबा. त्यांनी चष्मा चढवला, वाकल्या, माझ्या डोक्यावरून बोट फिरवलं, पंजे बघितले, मग शेपटी. शेपटी बघून त्यांचा चेहरा पडला. त्यांनी चष्मा उतरवला.

"मास्तर, मन खराब करू नका. आ बनावटी छे. जुन्या वखतमां असे प्राणी बनवून विकत. शरीर एकाचं, पूंछडी दुसऱ्याची. ही तर नवी शिवलेली आहे. असल्या वस्तूवर मी सही नाही करू शकत." आणि त्यांनी पिशवी उचलली.

अरविंद सरांना ती शेपटी कुणाची ते ठाऊक होतं. बोलले असते तर बायको सगळ्यांसमोर लबाड ठरली असती. हिलालभाऊंनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतून मागच्या मैदानाकडे.

मंगलाताई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. न विचारलेलं न सांगणं हे काही खोटं बोलणं नव्हे. चौदावा सोमवार त्याने मोडला नसता. गप्प राहिल्या असत्या तर मी तेवढा जळालो असतो, त्यांची आणि सरांची अब्रू राहिली असती. जागृतीबेन दारापर्यंत पोचल्या होत्या.

"बाई, थांबा. ती शेपटी मी शिवली."

सगळे वळले.

"काल. मला वाटलं, याची तुटलीय, ती लावली तर हा वाचेल. यांना माहीत नव्हतं." त्यांनी सरांकडे बोट केलं. मग आवाज थोडा सावरून म्हणाल्या, "शेपटी माझी आहे. बाकीचा देवाचा. तो खरा आहे."

भगवंत सर खुर्चीत बसले. "वहिनी, हे काय केलंत? म्हणजे गुरुवारी मी बघितलं तेच. बिनशेपटीची घूस."

पण जागृतीबेन परत आल्या होत्या. पिशवी त्यांनी जमिनीवरच टाकली. "कातर आहे?"

हिलालभाऊंनी कात्री दिली. बेनने एकेक टाका कापला, अगदी हळू. "बेन, तमारो टांको बहु सरस," मध्येच म्हणाल्या. किती छान टाका घालता तुम्ही. रेक्झिनची शेपटी टेबलावर पडली. मग त्यांनी माझ्या मागचे केस फुंकर घालून दोन बाजूंना केले. आणि तिथे, साठ वर्षांत कुणी न पाहिलेली, अंगठ्याच्या पेराएवढी माझी शेपटी होती.

"तुटलेली नाही," त्या पुटपुटल्या. "एवढीच असते." त्यांनी माझं डोकं उजेडाकडे वळवलं, कानाखालचे केस बोटाने सारले. कानाखाली पांढरा ठिपका. दुसऱ्या कानाखालीही. "चपटं डोकं. लांब नखं. मास्तर, हा आला कुठून?"

"अमेरिकेहून," अरविंद सर म्हणाले. "चिठ्ठीवर लिहिलंय."

बेनने पाटाकडे वाकून चिठ्ठी वाचली. खोडलेल्या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. "डोंगरी. हे कुणी काढून टाकलं?"

"फार पूर्वीच्या एका मुख्याध्यापकांनी," भगवंत सर म्हणाले. "डोंगरावर बीव्हर नसतो ना."

"नसतो. आणि हा बीव्हर नाहीच." त्या हसत सुटल्या, लहान मुलीसारख्या. "त्याच्या गावचे लोक त्याला डोंगरी बीव्हर म्हणतात, पण तो धड डोंगरातलाही नाही आणि बीव्हर तर नाहीच नाही. झाडाची साल कुरतडली, चिकटलं नाव. चाळीस वरसथी हुं भणावुं छुं, चाळीस वर्षं शिकवते मी, आणि फक्त चित्रात बघितला होता. तो सुरतेत बसलाय."

"मग हा आहे कोण?" मंगलाताईंनी विचारलं. पदराचं टोक त्यांच्या मुठीत होतं.

"हे बघा. कुरतडणाऱ्या प्राण्यांचं एक मोठं गाव समजा. उंदीर-घुशींची एक आळी, फार गजबजलेली. खारींची एक. बीव्हरची एक, छोटी, नदीकाठी. याचं घर यातल्या कुठल्याच आळीत नाही. खारींच्या आळीच्या पलीकडे, जरा बाजूला, एकटं घर आहे. बाकीच्यांनी काळाप्रमाणे जबड्याची बांधणी बदलली, चावायचे स्नायू पुढे ओढून घेतले. याने जुनी बांधणी सोडली नाही. याचं कूळ वेगळं, वंश वेगळा, जातही एकच. अ‍ॅप्लोडोंशिया रूफा. म्हणजे साध्या दातांचा, तांबूस."

"कूळ आहे म्हणजे भाऊबंद असतील," मंगलाताई म्हणाल्या.

"होते. आता दगडात सापडतात. जिवंत कुळात हा एकटाच उरलाय."

अ‍ॅप्लोडोंशिया रूफा. मी मनात दहा वेळा म्हणून बघितलं. इतक्या वर्षांनी नाव मिळालं आणि ते इतकं लांब. माझ्या मिशा खरंच थरथरल्या, हिलालभाऊंनी पाहिलं असेल तर ते सांगतील.

भगवंत सर मात्र अजून खुर्चीच्या कडेवर होते. "पण बेन, कुरतडणारा तर आहेच ना? पालकांना मी काय सांगू?"

"सायेब, खार बी कुरतडस," हिलालभाऊ म्हणाले. "रामनी बोटं शेत तिना पाठवर. तिले बी जाळशात का?"

भगवंत सरांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "आणि पिसवा?"

जागृतीबेननी सरळ उत्तर दिलं. "जिवंत होता तेव्हा होत्या. साठ वर्षांपूर्वी, अमेरिकेत. पेंढा भरताना जुने लोक कातड्याला सोमलाचा विषारी साबण लावत. पिसू सोडा, कसरही याच्याकडे फिरकत नाही. फक्त हात लावला की धुवायचे." मग त्या मंगलाताईंकडे वळल्या. "सुई दातात तर नव्हती धरली?"

"धरली होती."

"मग खूब पाणी प्या."

"उपास आहे. पाणी चालतं," मंगलाताई म्हणाल्या, आणि तांब्या तोंडाला लावला.

माझ्या जातीच्या अंगावर राहणारी पिसू जगातल्या सगळ्या पिसवांत मोठी असते, हे जागृतीबेननी जिना उतरताना अरविंद सरांना सांगितलं. सरांनी मला नंतर सांगितलं. तुम्हाला सांगतोय, पण त्या साली सुरतेत सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

कागद तिथेच लिहिला गेला. जागृतीबेननी लिहिलं, खाली सही केली. भगवंत सरांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "एकटा उरलेला आहे म्हणता. मग जाळून कसं चालेल?" त्यांनी स्वतः कपाटाची काच सरकवली. अरविंद सर हिलालभाऊंच्या अगदी समोर उभे होते. दोघांनी मला एकेका बाजूने धरलं. फळीवर ठेवेपर्यंत सरांनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही थांबला होतात, भाऊ. मी नव्हतो थांबलो."

"आते थांबनात ना," हिलालभाऊ म्हणाले. "धरा नीट."

त्या आठवड्यात पालकांना बोलावणं गेलं. भगवंत सरांनीच कपाटाशी उभं राहून माझं नाव सांगितलं, दर वेळी वेगळं. प्रमिलाबाईही आल्या होत्या. त्यांनी पाटावरची नवी चिठ्ठी वाचायला लावली, ऐकून घेतलं, काचेच्या जरा जवळ आल्या.

"म्हणजे याचं आपलं म्हणावं असं कुणीच नाही?"

"समुद्रापलीकडे याच्या जातीचे आहेत हो," मंगलाताई म्हणाल्या. "इथे आपण आहोत."

"मी आपली शेजारीण," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मला नका धरू त्यात." पण जाताना त्यांनी काचेवर हळूच टिचकी मारली, लहान मुलाला खेळवतात तशी.

आता अठ्ठ्याण्णव साल आहे. माझ्या पोटाशी शिवण थोडी उसवली आहे, एक मिशी गळाली आहे. अरविंद सर दर जूनला माझी चिठ्ठी झाकून मुलांना विचारतात, "सांगा, हा कुठल्या आळीतला?" मुलं भांडतात. कुणी खारीकडे ओढतं, कुणी सशाकडे, एकीने तर गेल्या वर्षी वहीत मांजर लिहिलं. सर कुणालाच चूक म्हणत नाहीत. "का वाटलं, ते सांग," एवढंच म्हणतात. मांजर लिहिणारी ती मुलगी तर काचेपाशी येऊन माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला लाजल्यासारखं झालं. असं बघणारं कुणी मिळालं की माझा तो दिवस सणाचा.

शाळा पुढच्या वर्षी नव्या इमारतीत जाणार आहे. कपाट जुनं झालंय, ते नेतील की नाही ठाऊक नाही. मला न्यावं, एवढी आशा आहे, आणि का कोण जाणे, नेतीलच असं वाटतं. म्हणून आधीच सांगून ठेवतो. मला उचलताना कानाला धरू नका, कान आता फार हलके झालेत. पाटाखाली दोन्ही हात घालून उचला. नंतर हात धुवा. आणि वाटेत कुणी थांबवून विचारलं, हे काय घेऊन चाललात, तर कितीही घाईत असा, माझं पूर्ण नाव सांगा. लांब आहे, पण दोनदा म्हटलं की जिभेवर बसतं.